मिस्त्री, तुमच्या ‘नको’बद्दल आभार

मिस्त्री,

स. न. वि. वि.

आपली डबल केबिन पिकअप साताऱ्याहून लडाखमधल्या हानलेला जाऊन धडधाकट परत आली. जाऊन-येऊन साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास पळाली. तुम्ही जे काम केलंत त्याचे पैसे बिलात आले. जे करायला तुम्ही ठाम नकार दिलात, त्याचं बिल कुणी लावत नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण डिसेंबर २०२२ मध्ये हानलेचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेला परिसर, म्हणून जाहीर झाला आणि आता दुर्बिणी गाडीत घालून तिकडे जाणारे पुष्कळ भेटतात. गाडीत काय-काय वाढवू, हे प्रत्येक जण विचारतो. काय वाढवू नको, हे सांगणारा मिस्त्री सगळ्यांच्या नशिबी नसतो.

सुरुवात पाट्यांपासून, म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या कमानीच्या पोलादी पट्ट्यांपासून. लांबचा प्रवास, खराब रस्ता, म्हणजे मागे एक जादा पाटा घालायचा, असा सरसकट समज आहे. तुम्ही आधी सामानाचं वजन विचारलंत. बारा इंची दुर्बीण, तिचा पाया, बॅटऱ्या, तंबू, पाणी, डिझेल, सगळं मिळून साडेतीनशे किलोही भरत नव्हतं, आणि कमान बांधलेली टनभर वजनासाठी. आधीच कडक असलेली कमान आणखी कडक केली की खड्ड्यातून बाहेर येताना मागचं चाक रस्ता सोडतं आणि ओल्या वळणावर शेपूट फिरते. दुर्बिणीच्या आरशाला बसणारे दणके वेगळेच. पण खरी गोम तुम्ही गाडीखाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलीत, ती ब्रेकची. मागच्या अ‍ॅक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची, म्हणजे वजन ओळखून ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या झडपेची, दांडी जोडलेली असते. वजनाने हौदा खाली बसला की दांडी वळते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जादा पाट्याने हौदा उचलला गेला, की व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक कमी लागतात, पुढचे तापतात, आणि तेही बारालाचा खिंडीच्या उतारावर. पाटा घालून दांडी नव्याने न लावणारे कारागीर किती असतील, याचा विचार केलेला बरा नाही.

त्याऐवजी तुम्ही पाटे सुटे करून गंज घासलात, मध्ये ग्रीस भरलंत, शॅकलचे, म्हणजे कमानीच्या टोकाच्या झुलत्या जोडाचे, बुश बदललेत आणि कमान जागेवर धरणारे यू-बोल्ट टॉर्क पान्याने, मोजून, आवळलेत. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, असं बजावलं होतंत. नव्याने बसवलेले पाटे एकमेकांवर दबतात आणि बोल्ट ढिले पडतात. ते तसेच राहिले तर सगळा भार पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो, तो कातरतो आणि अ‍ॅक्सल जागा सोडतो. धुळ्याच्या पुढे पाना लावला तेव्हा सगळे नट पाव-पाव फेरा फिरले. सामान लावण्याचा तुमचा नियमही पाळला: पाण्याचे आणि डिझेलचे डबे मागच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, केबिनच्या बाजूला, आणि मागच्या फाळक्याजवळ फक्त हलकं सामान. वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की स्टेअरिंग हलकं होतं. दुर्बिणीचा आरसा हौद्यात नव्हताच, तो मागच्या सीटवर फोममध्ये होता.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘काढून टाका, घाटात गरम होणार नाही,’ हा सल्ला आम्हाला तीन ठिकाणी मिळाला होता. तुम्ही तो काढून गरम पाण्यात टाकून दाखवलात, वेळेवर उघडतो हे पाहिलंत आणि परत बसवलात. लडाखच्या ऑक्टोबरात थर्मोस्टॅट नसलेलं डिझेल इंजिन दिवसभर कोमटच राहतं. पांढरा धूर येतो, डिझेल जास्त लागतं, अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि केबिनचा हीटर नावापुरता उरतो.

गरम होण्याचं खरं औषध तुम्ही लहानशा झाकणात दाखवलंत. रेडिएटरच्या जुन्या कॅपचं रबर कडक झालं होतं, म्हणून ०.९ बार दाब धरणारी नवीन बसवलीत. हे वरवर किरकोळ वाटतं, पण वाटेतली तंगलंग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, त्यामुळे उघडं पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन चालतं नव्वदच्या घरात. कॅप दाब धरत असेल तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप गळकी असेल तर रेडिएटर कितीही साफ असो, कूलंट बाहेर फेकला जाणारच. कूलंट तुम्ही निम्मा आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं असा भरलात. हे मिश्रण उणे ३५च्या खाली जाईपर्यंत गोठत नाही. वाटेत नळाचं पाणी घालून ते पातळ करू नका म्हणून दोन लिटर तयार मिश्रण बाटलीत दिलंत.

डिझेलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या भागात सगळ्यात जास्त गाड्या तिथेच अडतात. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टरच्या कागदावर साचतात. आपल्याकडच्या मानकात हा फिल्टर तुंबण्याचा बिंदू उन्हाळ्यातल्या डिझेलसाठी कमाल १८ अंश आणि हिवाळ्यातल्यासाठी कमाल ६ अंश आहे. पंपावरचं डिझेल पुष्कळदा यापेक्षा चांगलं असतं, पण भरवसा तेवढाच धरायचा. म्हणजे साताऱ्यात भरलेलं डिझेल घेऊन मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला शून्याखालच्या रात्री मुक्काम केला, तर सकाळी गाडी सुरू होते, दोन-तीन मिनिटं चालते आणि बंद पडते. पाईपमध्ये होतं तेवढं संपलं, पुढचं फिल्टरमधून येईना. लोक बॅटरीला दोष देतात. तुमची सूचना सोपी होती: मैदानातलं डिझेल मनालीपर्यंत संपवत आणायचं आणि टाकी त्यापुढच्या टंडीला भरायची. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी असलेला तोच पंप. थंडीचं खास डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं; पण ते ऑक्टोबरात मिळेलच असं धरून चालू नका, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि रॉकेल नको म्हणालात. जुन्या पंपाच्या ट्रकमध्ये रॉकेल मिसळून थंडी काढणारे ड्रायव्हर आहेत, आणि त्यांचं तिथे निभलं असेल. आपल्या नव्या धाटणीच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्या पुढे जातो, आणि पंप व इंजेक्टर यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल कोरडं. एका थंड सकाळीसाठी पूर्ण पंपाचा खर्च करायचा का, असं तुम्ही विचारलंत. टाकीखाली जाळ करण्याबद्दल तर तुम्ही बोललातही नाही, फक्त बघितलंत. गोठलेल्या फिल्टरला कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळायचं आणि धीर धरायचा, हा तुमचा उपाय.

प्रवासाला निघण्याआधी डिझेल फिल्टर नवीन, शिवाय दोन सोबत. रोज सकाळी खालचा स्क्रू सैल करून पाणी काढायचं. बदलल्यावर हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा, मगच स्टार्टर, नाहीतर सिस्टिम हवा घेते आणि स्टार्टर मारून बॅटरी संपते. जेरी कॅन पत्र्याचे, वीस लिटरच्या कॅनमध्ये अठराच लिटर, कारण वर हवा विरळ झाली की कॅन फुगतो. टाकीत ओतताना जाळीचं नरसाळं. लेह-हानले-लेह पाचशेच्या वर किलोमीटर होतं आणि चढावर लिटरला आठचा हिशोब धरायला लावलात, तो बरोबर निघाला.

टायरच्या हवेबद्दलचा तुमचा हिशोब आम्ही गेजने पडताळला. साताऱ्यात भरलेल्या टायरचा आकडा लेहला चार पीएसआयने वाढायला हवा, कारण बाहेरची हवा तेवढी हलकी होते. पण थंडीने आतली हवा आकसते, तीही तितकीच. दोन्ही मिळून आकडा जवळपास जागेवरच राहिला. म्हणून ‘उंचीवर हवा कमी करा’ असं ऐकून डोळे झाकून व्हॉल्व्ह दाबायचा नाही. सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजायचं आणि दारावरच्या तक्त्याशी ताडून बघायचं.

ब्रेकचं काम थोडक्यात. तेल पूर्ण बदललंत, डॉट ४ प्रतीचं. नवीन तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषून जुनं झालं की तीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. उंचीवर पेडल जड लागेल, घाबरू नका, असं आधीच सांगितलंत ते फार बरं केलंत. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर चालतो तो बाहेरच्या हवेच्या दाबावर, आणि तिथे ती हवाच निम्मी. पाय जास्त जोराने द्यायचा आणि ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारे हीटर प्लग चारही मीटरने तपासलेत, एक मेलेला निघाला. साताऱ्यात तीन प्लगवर गाडी वर्षभर सुरू होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. बॅटरीची अर्थिंगची पट्टी घासून घेतलीत, स्टार्टर फिरताना व्होल्टेज दहाच्या खाली जात नाही ना ते पाहिलंत. इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाईपच्या सांध्यावर तेलकट धूळ दिसली म्हणून क्लिप बदललीत. ती क्लिप लेहच्या वाटेवरच्या मोरे मैदानात सुटली असती तर काळा धूर, गाडीची ओढ गायब आणि कारण शोधण्यात दिवस गेला असता. एअर फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाने फुंकायला शिकवलंत. जॅकखाली ठेवायला दिलेली फळी आम्हाला आधी ओझं वाटली होती. भुसभुशीत वाळूत पंक्चर काढताना फळी नसती तर जॅकच खाली गेला असता.

एक काम मात्र कुठल्याही गॅरेजच्या यादीत नसतं. दार उघडलं की केबिनचा दिवा लागतो आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला अर्धा तास घेतात. तुम्ही केबिन आणि हौद्याच्या दिव्याला वेगळा स्विच लावलात आणि आत तांबडी काच बसवलीत. शेजारच्या तंबूतल्या अनोळखी निरीक्षकांनीही तुमचे आभार मानले आहेत, ते पोहोचवतो.

दोनपैकी एक फिल्टर तसाच परत आला आहे, दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागत असेल तर ठेवून घ्या. हीटर प्लगच्या जुन्या संचातले तीन चांगले प्लग मात्र आम्हालाच हवेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
दुर्बीणवाले

ता. क. चौथ्या गिअरमध्ये उतारावर प्रोपेलर शाफ्टकडून बारीक टकटक येते, चढावर येत नाही. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस असावा असा अंदाज आहे. गुरुवारी सकाळी गाडी आणतो, यू-बोल्टही तेव्हाच बघू.