दुरुस्तीला दिलेले पेन टिंब देत नाही, त्याबाबत तक्रार

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
22 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय: पार्कर 51 पेनाची सदोष दुरुस्ती आणि त्यावर आपल्याकडून आलेले उत्तर

महोदय,

जुनी फाउंटन पेने विकणे आणि दुरुस्त करणे हा आपला व्यवसाय आहे, म्हणून मेच्या सुट्टीत माझे पेन आपल्याकडे कुरिअरने पाठवले. ते शाई पुरेशी ओढत नव्हते, एवढेच दुखणे होते. आपल्या फॉर्मवर कामाच्या रकान्यात मी लिहिले होते, "आतून साफ करून द्यावे. निबला हात लावू नये." त्याची प्रत माझ्याकडे आहे. 2,400 रुपये आगाऊ भरले. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात पेन घरी आले.

शाई आता भरपूर ओढते. शाई भरायची पट्टी पाच-सहा वेळा दाबली की आतली शाईची पिशवी गच्च भरते. तेवढे काम चोख झाले आहे, ते नाकारत नाही. बाकी जे केले, ते मी सांगितलेले नव्हते.

मी मराठी शिकवते. पाचवी ते आठवीच्या वह्या रोज घरी आणते आणि याच पेनाने तपासते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीच्या निबंधाखाली शेरा लिहिला, "अक्षर सुंदर आहे." दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, सुंदरवर टिंब नाहीये." खरेच नव्हते. वर्षभर या मुलांचे अनुस्वाराचे अर्धे अर्धे गुण मी कापते. आधी वाटले, माझीच नजरचूक. घरी येऊन उरलेल्या वह्या उलगडल्या, तर "शांतपणे वाच" मधला शा बोडका, "पुन्हा वाचून अंक घाल" मधला अ बोडका. टिंब मी दिले होते, पेनाने ते कागदावर उतरवलेच नव्हते.

दहा पटीचे भिंग लावून निब पाहिली तेव्हा कारण कळले. टोकावरचा कठीण धातूचा मणी कोणीतरी बारीक पॉलिश पेपरवर यथेच्छ फिरवला आहे. त्यामुळे निबच्या मधोमध शाई वाहून आणणारी जी चीर असते, तिच्या आतल्या कडा गोल झाल्या आणि चिरेच्या तोंडाशी एक सूक्ष्म खळगा तयार झाला. शाई चिरेत येऊन थांबते, कागदाला शिवत नाही. पेनवाले याला बेबी बॉटम म्हणतात, हे मी आपल्याला सांगायची गरज नसावी. जोर देऊन ओढले की रेघ उमटते आणि हाताला लोण्यासारखी लागते, म्हणून दुकानात दोन इंग्रजी सह्या करून पाहणाऱ्याला दोष दिसणारच नाही. देवनागरीत मात्र अनुस्वार म्हणजे नुसता स्पर्श, जोर द्यायला तिथे जागाच नसते. शिरोरेघेची सुरुवातही अशीच कोरडी जाते. हे पत्र मी त्याच पेनाने लिहिते आहे. टिंबे दुसऱ्या फेरीत बॉलपेनने दिली आहेत, शाईतला फरक आपल्याला दिसेल.

हे पेन माझ्या वडिलांचे. ते कचेरीत कारकून होते. त्यांनी तीस वर्षे ते वापरले, त्यांच्यामागे मी वापरते. दोघांचाही हात किंचित डावीकडे कललेला, त्यामुळे निब त्याच बाजूला झिजून बसली होती. ती झीज म्हणजे दोष नव्हता. घासताना ती निम्मीअधिक गेली.

आता टोपणाबद्दल. या पेनाचे स्टीलचे टोपण मुळातच मंद, धुरकट झळाळीचे असते. पार्करने त्या फिनिशला लस्ट्रलॉय असे नाव दिले होते. आपण ते बफ मारून ताटासारखे चकचकीत केले आहे. जुनी पेने हाताळणाऱ्या कोणालाही विचारा, हे टोपण बफवर धरत नाहीत. धरले की ती मंद झळाळी गेली, पुन्हा आणता येत नाही.

आणि पेनाच्या अंगावर वडिलांचे नाव कोरलेले होते. पूर्वी पेनाच्या दुकानातच नाव कोरून मिळे. आता फक्त आडनावातले शेवटचे दोन अक्षर उजेडात तिरके धरले तर लागतात. आपल्या तंत्रज्ञांना फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, नाव असलं की पेनाची किंमत कमी होते, म्हणून लाइट केलं. तुमचाच फायदा आहे." बाजारात तसे असेलही. पण हे पेन विकायचे आहे असे मी कुठे म्हटले होते?

मी 30 जूनला ईमेल केला. 3 जुलैला आपले उत्तर आले. त्यातला मजकूर असा, की हे विंटेज आणि संग्राह्य पेन आहे, ते रोजच्या लेखनासाठी नाही, नियमित वापर झाल्यामुळे दुरुस्तीची सहा महिन्यांची हमी लागू होत नाही. सोबत डिस्प्ले बॉक्सवर पंधरा टक्के सवलतीचे कूपन. बॉक्स बारा पेनांचा आहे. माझ्याकडे पेन एक आहे.

या उत्तरामुळेच हे पत्र लिहावे लागले, नाहीतर निब नीट करून मागितली असती आणि गप्प बसले असते. पार्कर 51 हे 1941 साली बाजारात आले आणि लाखोंनी विकले गेले. ते सहीपुरते काढून ठेवायचे शोभेचे पेन नव्हते, दिवसभर लिहिणाऱ्या माणसाचे पेन होते. त्याची निब टोपीसारख्या आवरणाखाली झाकलेली असते, ती कशासाठी? मध्येच फोन आला, टोपण उघडे राहिले तरी टोक लगेच वाळू नये, यासाठी. आत बारीक पडद्यांचा कलेक्टर असतो, तो जास्तीची शाई धरून ठेवतो, थेंब वहीवर पडू देत नाही. पिशवी रबराची नाही, प्लास्टिकची आहे, ती इतक्या वर्षांनीही लवचीक आहे. म्हणजे बनवणाऱ्याने सगळी काळजी घेतली ती रोज लिहिण्यासाठी. ते कपाटात ठेवावे हे आपण ठरवले.

उलट शाई भरून पडून राहिलेले पेन लवकर बिघडते. शाईतले पाणी उडते, रंग आत वाळतो. माझेही तेच झाले होते. गेल्या दिवाळीनंतर हात दुखावला, चार महिने लिहिले नाही, आणि पेन धुवायचे राहिले. ती चूक माझी. एरवी साधी निळी शाई घालते, चित्रकलेची शाई कधीही नाही, आणि दर सुट्टीत साध्या पाण्याने धुते. गरम पाणी नाही, स्पिरिट नाही. वापरामुळे बिघाड झाला असे आपले म्हणणे असेल तर वापराने नेमके काय बिघडले, ते लेखी कळवावे. मणी पॉलिश पेपरवर मी घासलेला नाही.

शिवाय, रोज लिहिणाऱ्याने आणू नये असे होते, तर फॉर्ममध्ये "पेन रोज वापरता का?" असा प्रश्न आहे आणि मी "हो" वर खूण केली आहे, त्याचे काय? पैसे तेव्हाच घेतले होते.

माझ्या मागण्या अशा. दुरुस्तीचे 2,400 रुपये परत मिळावेत. निबचे काम मी निवडलेल्या कारागिराकडून होईल, त्याचे बिल आपण द्यावे. आपल्याकडे ती पुन्हा पाठवणार नाही, आता घासायला फारसा धातू उरलेला नाही. टोपण मूळ फिनिशचे, चांगल्या स्थितीतले मिळवून द्यावे. नावाचे काही करता येणार नाही हे मला कळते. त्याबद्दल लेखी दिलगिरी हवी, आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय कोरलेले नाव घासायचे नाही अशी सूचना आपल्या कार्यशाळेला दिल्याचे कळवावे. डिस्प्ले बॉक्सचे कूपन नको.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही आणि मी ठाण्यातच राहते, त्यामुळे खेपा घालायला मला अडचण नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच केली आहे.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)

सोबत: पावती व फॉर्मची प्रत, 3 जुलैच्या ईमेलची प्रत, निबचे भिंगातून काढलेले दोन फोटो, आणि पालकांच्या परवानगीने, "सुदर" असा शेरा असलेल्या वहीच्या पानाची झेरॉक्स.