औषधाच्या बरणीला फुलदाणी म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इटलीतील जुन्या औषधालयांत वापरल्या जाणाऱ्या ‘आल्बारेल्लो’ या मातीच्या बरण्यांचा उल्लेख मराठी मजकुरात ‘शोभेची फुलदाणी’ असा झालेला माझ्या वाचनात अनेकदा आला आहे. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही चूक सलते, म्हणून हे पत्र.

या बरणीचा आकारच तिचे काम सांगतो. फळीवर बरण्या एकमेकींना खेटून ठेवलेल्या असताना त्यांतली नेमकी एक बोटांनी धरून काढता यावी, यासाठी तिची कंबर किंचित आत घेतलेली असते. तोंडाचा काठ बाहेर वळवलेला असतो, कारण त्यावर चर्मपत्र किंवा कापड ताणून दोरीने बांधायचे असे. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, अगदी तसेच. झिलईत कथिलाचे भस्म घातल्याने ती पांढरी व अपारदर्शक होई आणि त्या पांढऱ्यावर निळ्या रंगात औषधाचे नाव उठून दिसे. ही घडण पश्चिम आशियातील मुस्लिम कुंभारांची. ती स्पेनमध्ये आणि इटलीत पोहोचली आणि पंधराव्या शतकात तिथे बहरली. मलमे, चाटणे, सुकी औषधे या बरणीत राहत. पातळ पाकांसाठी तोटीचे भांडे वेगळे असे.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बरणीवरच्या पट्टीतील ते नाव. ‘मिराबोलानी’ हे त्यांपैकी एक. युरोपातील औषधविक्रेते त्याचे पाच प्रकार मानत, आणि ते पाचही आपल्या हिरडा, बेहडा व आवळा यांच्यात येतात. म्हणजे आजीच्या बटव्यातील त्रिफळाच समुद्र ओलांडून त्या फळ्यांवर जाऊन बसला होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवरील आपला संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला आणि त्यात या फळांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. बरणीला फुलदाणी म्हटले, की हा सारा संबंध एका शब्दासरशी पुसला जातो. (काही बरण्यांवरची पट्टी मुद्दाम कोरी ठेवलेली असे, कारण आतले औषध बदलले की नावही बदलावे लागे. अशी कोरी पट्टीदेखील बरणीच्या वापराचीच खूण आहे.)

म्हणून आपल्या संपादक विभागास विनंती आहे, की अशा वस्तूचे छायाचित्र छापताना त्याखाली ‘औषधाची बरणी’ असे लिहावे, आणि पट्टीवरील अक्षरे वाचता येत असतील तर ते नाव व त्याचा मराठी अर्थही द्यावा.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, सातारा