हाडे उंदरांची, मथळा माणसांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाडांचा ठिसूळपणा आता इतिहासजमा होणार, ही कालची ठळक बातमी वाचून आमच्या घरी पसरलेला आनंद शेवटच्या परिच्छेदापर्यंतही टिकला नाही, कारण हे प्रयोग अद्याप प्राण्यांवरच झाले असल्याचे आपण तेथे एका ओळीत उरकले आहे. बातमीतील सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पेशींमधील ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू निष्प्रभ करतात (म्हणजेच अँटिऑक्सिडंटचे काम करतात) आणि त्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशींना आळा बसू शकतो, हे मला पटते. संशोधकांविषयी तक्रार नाही. मात्र हेच कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ साठून राहतात, याविषयी बातमीत अवाक्षर नाही.

माझ्या पत्नीचे मनगट साठीच्या आतच, जिन्यात नुसता तोल जाऊन मोडले. शहरातील एका नामवंत रुग्णालयाने प्लास्टर उत्तम घातले, बिलही उत्तम केले. परंतु एवढ्याशा पडण्याने हाड मोडते, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी, हे सांगण्याचे कोणालाही सुचले नाही. पुढे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि मग कोठे तपासणी होऊन टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता दाखवणारा आकडा, उणे २.५ च्या बराच खाली असल्याचे कळले. ठिसूळपणाच्या निदानाची ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली आणि हाडांची झीज रोखणाऱ्या अॅलेंड्रोनेट या औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे मनगट मोडले तेव्हा निदान आणि औषध दोन्ही जुनेच झाले होते. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अशी ती साधी गोळी आहे. तिच्यात नॅनो काही नसल्यामुळे तिला आपल्या पहिल्या पानावर जागा मिळत नसावी. आता माझ्या वहिनींनी कालची बातमी वाचून हीच गोळी बंद करण्याचे ठरवले असून, त्यांची समजूत घालण्याचे काम आपण माझ्याकडे सोपवले आहे, त्याबद्दल आभार.

जाता जाता, बातमीच्या अगदी खाली ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ कॅप्सूलची जाहिरात होती. हा योगायोग असेल, असे मी मानतो. मात्र ई जीवनसत्त्व हेही अँटिऑक्सिडंटच असून त्याच्या जादा मात्रेने उंदरांची हाडे उलट विरळ झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. हे आपल्या जाहिरात विभागाला कळवावे, आणि पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडल्यास कोणती तपासणी करावी, याची माहिती त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
सदाशिव पेठ, पुणे