दिवा परत लागला

प्रिय दादा,

नमस्कार.

परवा फोनवर वहिनीने विचारलं, "गाडीचं काय झालं गं शेवटी?" आणि मी "सांगते सावकाश" म्हणून विषय बदलला. हे शेजारीच बसले होते आणि गाडीचं नाव काढलं की अजूनही यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आता प्रकरण मिटलंय. तुझ्याही गाडीचं असंच काहीतरी चाललंय आणि तू सर्व्हिस सेंटरात दोनदा आवाज चढवून आलास असं कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आवाज मीही चढवला होता. काउंटरवरच्या मुलाने मला पाणी आणून दिलं, बाकी काही झालं नाही.

आमची गाडी सिग्नलला उभी असताना उचकी लागल्यासारखी थरथरायची. मग एक दिवस इंजिनचा पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नव्हतं. स्पार्क प्लग बदलले, दिवा विझला, बिल भरलं. आठव्या दिवशी दिवा परत. मग इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) बदलली, पुन्हा बिल. या खेपेला दहा दिवस निघाले.

मला वाटायचं, दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली. तसं नसतं रे. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, मग दुरुस्ती झालेली असो वा नसो. गाडीतला कॉम्प्युटर आपल्या तपासण्या पहिल्यापासून सुरू करतो आणि बहुतेक दोषांच्या बाबतीत तोच दोष गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. तोवर आपण बिल भरून घरी आलेलो असतो.

तिसऱ्या खेपेला एक तरुण मेकॅनिक भेटला. त्याने पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली आणि तिसऱ्याची पहिल्यावर. दोष कॉइलमध्ये असता तर तो तिच्याबरोबर सरकला असता आणि कोड पी ०३०३ झाला असता. कोड जागचा हलला नाही. म्हणजे आधीची कॉइल बहुधा चांगलीच होती आणि हे पाच-दहा मिनिटांत कळण्यासारखं होतं! खरा दोष इंजेक्टरमध्ये, म्हणजे सिलिंडरसाठी इंधन फवारणाऱ्या भागात निघाला. मी त्याला एवढंच म्हटलं, "हे जॉब कार्डावर लिहून दे." कामाची नोंद करायचा तो कागद, त्यावर त्याने लिहिलं. पुढे सगळं त्या दोन ओळींवर चाललं.

कारण गाडीची वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. वर्कशॉपवाले म्हणाले, आमच्या हातात काही नाही. ते खोटं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. डीलरचा धंदा वेगळा, कंपनी वेगळी. वॉरंटीतल्या कामाचे पैसे कंपनी डीलरला देते, तेही कुठल्या कामाला किती तास हे आधीच ठरवून. वॉरंटी संपल्यावर सवलत द्यायची असेल, तर तिला कंपनीचीच मंजुरी लागते. काउंटरवरचा मुलगा फार तर केस वर पाठवू शकतो. त्याच्याशी भांडून आपण आपलाच निरोप्या तोडतो.

मग मी कंपनीला ईमेल केला. चार पानी! आमचा मनस्ताप, यांची बुडालेली रजा, सगळं त्यात. उत्तर आलं: खेद आहे, चासी नंबर कळवा. कळवला, तर अशी गाडीच आमच्याकडे नाही म्हणे. मी शून्याच्या जागी ओ लिहिला होता. त्या सतरा आकडे-अक्षरांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. तू थेट कागदपत्रांवरून उतरवून घे.

दुसरं पत्र एका पानात बसवलं. ते वाचणाऱ्या माणसाने आपली गाडी बघितलेली नसते, आपला चेहराही नाही. त्याला कागदावरूनच वरिष्ठांची सही मिळवायची असते, तेव्हा त्याला सोयीचा कागद द्यायचा. गाडी कितव्या तारखेला नेली, किती किलोमीटर झाले होते, कोड कुठला, काय बदललं, दिवा परत कधी लागला. विशेषणं सगळी काढली. हे म्हणाले, "एवढं गुळमुळीत?"

हुकमाचं पान मात्र जुन्या फाइलीत सापडलं. वॉरंटी चालू असताना केलेल्या शेवटच्या सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड. त्यावर त्यांच्याच अक्षरात: "गाडी उभी असताना थरथरते, ग्राहकाची तक्रार." आणि पुढे: "तपासले, ठीक." म्हणजे तक्रार मुदतीतली होती, दोष त्यांना सापडला नव्हता. त्याची प्रत जोडली (मूळ कागद कुणालाही देऊ नकोस) आणि शेवटी नेमकं मागणं लिहिलं: इंजेक्टर तुमच्या खर्चाने आणि दोन्ही बिलं परत, चौदा दिवसांत लेखी उत्तर.

आधी फोन आला, इंजेक्टरची अर्धी किंमत देतो. मी नम्रपणे नाही म्हटलं, त्या कार्डाची तारीख पुन्हा वाचून दाखवली आणि फोन ठेवल्या ठेवल्या "आत्ता आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाकला. आठवड्याने इंजेक्टर मजुरीसकट मान्य झाला, कॉइलचं बिलही. प्लगचं दिलं नाही, तो झिजणारा भाग आहे म्हणे. मी सोडून दिलं. हे अजून धुसफुसतात.

तू आता एवढं कर. दिवा लागला की दिवा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही एकाच व्हिडिओत घे. काढलेला जुना पार्ट मागून घे. आणि गाडी चालवून बघितल्याशिवाय "काम समाधानकारक" वर सही करू नकोस. तुझी गाडी गार इंजिनवर अडखळते ना? मग रात्रभर तिथेच ठेव आणि सकाळी त्यांच्या माणसाला शेजारी बसवून सुरू कर. दुपारी तापलेल्या गाडीत त्यांना काय दिसणार!

सगळ्या जॉब कार्डांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठव, उजेडात काढ. रविवारी बसून तारखा लावून देते. पत्र तू लिही, पण पाठवायच्या आधी वहिनीला वाचू दे. तुझी विशेषणं ती काढेल.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच