भेट मिळालेली गाडी विकावी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दुर्मीळ मोटारींच्या लिलावांवरचा लेख वाचला. आकडे भरपूर होते, फोटोही देखणे. मात्र गाडी विकली कोणी, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. घेणारा गडगंज असणार, यात नवल ते काय! अलीकडच्या दोन मोठ्या लिलावांत विकणारे चक्क एक संग्रहालय होते. मला खटकले ते इथे.

1 फेब्रुवारी 2025 रोजी जर्मनीत, स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात, एक चंदेरी ‘डब्ल्यू 196 आर’ विकली गेली. चाकेसुद्धा झाकून टाकणारी, पाण्यासारखी वाहती बॉडी असलेली ही फॉर्म्युला वन गाडी. 1955 साली उघड्या चाकांची बॉडी चढवून हिच्यावरच अर्जेंटिनाच्या नामांकित शर्यतपटू फांजिओने ब्युनोस आयर्सची शर्यत जिंकली. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाला हीच गाडी झाकलेल्या चाकांनिशी इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसने चालवली. इंजिनाने दगा दिल्याने त्याची शर्यत अर्ध्यात संपली, पण सर्वांत वेगवान फेरी त्याचीच होती. पुढे 1965 मध्ये खुद्द मर्सिडीजने ही गाडी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस मोटर स्पीडवे या शर्यतीच्या मैदानाच्या संग्रहालयाला भेट दिली. आणि साठ वर्षांनी संग्रहालयाने ती विकायला काढली! चारच दिवसांनी पॅरिसमध्ये याच संग्रहालयाची फेरारी 250 एलएम 3 कोटी 48 लाख 80 हजार युरोंना गेली. 1965 ची फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली गाडी ती. त्यानंतर फेरारीला ल मान्स पुन्हा जिंकायला 2023 उजाडावे लागले, एवढे सांगितले तरी तिचे मोल कळावे.

संग्रहालयाची बाजूही ऐकण्यासारखी आहे. इंडियानापोलिसच्या शर्यतींशी थेट नाते असलेल्या गाड्यांवर लक्ष द्यायचे, बाकीच्या विकून निधी उभारायचा, असे त्यांचे धोरण. इमारती, दुरुस्ती, पगार यांना पैसा लागतो हे कोण नाकारेल? फेरारीबद्दल मी फारसे बोलणार नाही, ती त्यांनी मिळवलेली होती. मर्सिडीज मात्र भेट होती. तिचे इंडियानापोलिसशी नाते नाही हे 1965 मध्येही ठाऊक होते की! तेव्हा दोन्ही हातांनी घेतली आणि भाव चढल्यावर तिचे नाते तपासायला बसले, हा हिशेब मला पटत नाही.

याउलट 2022 च्या ज्या सौद्याचे आपल्या लेखात सर्वाधिक कौतुक आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. मर्सिडीजची 300 एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’ (कूपे म्हणजे दोन दारांची, छत असलेली गाडी) 13 कोटी 50 लाख युरोंना गेली. त्या वेळच्या दराने साधारण अकराशे कोटी रुपये. रुडॉल्फ उलेनहाउट हे मर्सिडीजचे अभियंते. 1955 च्या ल मान्स अपघातात ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्या हंगामानंतर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली, आणि शर्यतीसाठी बांधलेल्या अशा दोन कूपे शर्यतीत उतरल्याच नाहीत. मग उलेनहाउटसाहेब त्यातली एक ऑफिसच्या गाडीसारखी वापरू लागले. ताशी 290 किलोमीटरच्या घरात पळणारी ऑफिसची गाडी! बैठकीला उशीर झाला म्हणून स्टुटगार्टहून म्युनिकला ते तासाभरात पोचले, अशी एक दंतकथाही आहे. इथे माल कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा होता, दुसरी कूपे तिने राखून ठेवली, पैसा पर्यावरणाशी निगडित शिष्यवृत्त्यांकडे वळवला, आणि खास प्रसंगी गाडी लोकांना दाखवायचे नव्या मालकाने कबूल केले. खासगी संग्राहक सगळेच गाड्या कुलपात ठेवतात असेही नाही. काही जण त्या जुन्या शर्यतींत पळवतात, संग्रहालयात त्या नुसत्या उभ्या असतात. पण हे मालकाच्या मर्जीवर आणि मर्जी वारसांबरोबर बदलते.

आम्हा कोल्हापूरकरांना यातले थोडे कळते. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार दसरा चौकात येते तेव्हा तिकीट नसते, निमंत्रण नसते. लहान पोरेही तिला ओळखतात. तिची किंमत काय असेल, याची चर्चा चहाच्या गाड्यावर होते आणि तिथेच विरते.

लेखातल्या आकड्याबद्दल एक खुलासा. डब्ल्यू 196 ची किंमत 5 कोटी 11 लाख 55 हजार युरो दिली आहे, ती खरेदीदाराकडून घेतलेले कमिशन धरून. हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, ती 4 कोटी 65 लाखांवर. जुने आणि नवे विक्रम शेजारी छापताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहावे, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

पुण्या-चाकणची अनेक मुले कामानिमित्त स्टुटगार्टला जातात. राखून ठेवलेली ती दुसरी कूपे तिथल्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपल्या वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर सोमवार सोडून जावे, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर