आधी मागच्या सीटवर बस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. "मन म्हणतं सेडान, घर म्हणतं एसयूव्ही, तूच सांग आता," असं तू लिहिलंयस. बुटकी सेडान की उंच एसयूव्ही, सहा वर्षांपूर्वी मी नेमका याच पेचात होतो. तेव्हा मी मनाचं ऐकलं. चार वर्षं स्पोर्टी सेडान चालवली, मग बाबांच्या गुडघ्यांपायी ती दिली आणि एसयूव्ही घेतली. आज तिलाही दोन वर्षं झाली. म्हणजे दोन्हीकडचं पाणी चाखून झालंय, म्हणून जरा हक्कानं आणि सविस्तर लिहितो. निवांत वेळ काढून वाच.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो, कारण माझे डोळे तिथेच उघडले. सेडान घेऊन जेमतेम महिना झाला होता. 18 इंची चाकं, कडक सस्पेन्शन (म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी स्प्रिंगची रचना), हाताला जड लागणारं स्टिअरिंग. आम्ही सगळे घाटरस्त्यानं निघालो. गाडी रस्त्याला अशी चिकटून चालत होती की वळणामागून वळण कधी सरत होतं तेच कळत नव्हतं. मी हरखून गेलो होतो. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. एरवी त्याची अखंड बडबड चालते. मध्येच जाणवलं की मागून आवाजच येत नाहीये. आरशात पाहिलं तर पोरगं पांढरंफटक, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब. गाडी बाजूला घेईपर्यंत त्याला उलटी झाली. बायको त्याचं तोंड पुसत एवढंच म्हणाली, "तुला गाडी चालवायची असते, आम्हाला त्यात बसायचं असतं." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याच्या शरीराला ते माहीत असतं. मागे बसलेल्या मुलाचं उलट होतं. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण डावी-उजवीकडे फेकले जातोय, आणि डोळ्यांना दिसत असते फक्त पुढच्या सीटची स्थिर पाठ. या ओढाताणीतूनच मळमळ सुरू होते. स्पोर्टी सेडानमध्ये मागच्या खिडकीची कड बऱ्याचदा मुद्दाम वर चढवलेली असते, छप्पर मागे उतरतं असतं, आणि पुढच्या सीट अंगाला धरून ठेवणाऱ्या, जाडजूड पाठीच्या असतात. लहान मुलाला बाहेरचं काही दिसतच नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की शोरूममध्ये गेल्यावर स्टिअरिंगला हात लावायच्या आधी मागच्या सीटवर बस. टेस्ट ड्राइव्हला वहिनींना चालवायला दे आणि तू मागे, मधल्या जागेवर बस. पाच मिनिटं पुरणार नाहीत, निदान अर्धा तास तरी बस. मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये मधल्या माणसाच्या पायांत मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा, शाफ्टचा उंचवटा येतो, दोन्ही गुडघे बाजूला करून बसावं लागतं. हे माहितीपत्रकात कुठेच दिसत नाही.

आता तुझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, म्हणजे गाडी वळणात कशी वागते. सगळ्याचं मूळ गुरुत्वमध्याच्या, म्हणजे गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूच्या, उंचीत आहे. साध्या सेडानचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ढोबळमानानं 55 सेंटिमीटरवर असतो, एसयूव्हीचा 65 ते 70 च्या घरात. दोन चाकांमधल्या अंतराला या उंचीच्या दुपटीनं भागलं की गाडी किती स्थिर आहे याचा अंदाज येतो. चाकांमधलं अंतर 155 सेंटिमीटर धर, तर सेडानचा आकडा 1.4 येतो. एसयूव्ही थोडी रुंद, म्हणजे 160 धर, तरी तो 1.2 च्या आसपासच राहतो. आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटणं अवघड. 1997 साली स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाच्या चाचणीत, समोर अचानक प्राणी आला तर जसं स्टिअरिंग फिरवावं लागेल तसं फिरवल्यावर, मर्सिडीजची नवी, उंच बांध्याची छोटी ए-क्लास उलटली होती, आठवतं? त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवलं. घसरू पाहणाऱ्या गाडीचं एकेक चाक वेगवेगळं ब्रेक करून तिला मार्गावर आणणारी हीच ती यंत्रणा. आता ती बहुतेक गाड्यांत असते, त्यामुळे उंच गाडी म्हणजे धोका असं मी म्हणणार नाही. पण ती नसलेली उंच गाडी तू घेऊ नयेस, हे मात्र ठासून सांगतो.

खरी मेख पुढेच आहे. सेडान मुळातच बुटकी, त्यामुळे तिला वळणात सपाट ठेवायला फार कडक स्प्रिंग लागत नाहीत. उंच गाडी डोलते. तिला 'स्पोर्टी' करायची म्हणजे ते डोलणं दाबायला स्प्रिंग कडक करायचे, डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारे जाड अँटी-रोल बार घालायचे, वर 20 इंची चाकं चढवायची. मग होतं काय, की एक चाक खड्ड्यात गेलं की जाड बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो आणि उंचावर बसलेल्या माणसांची डोकी डावी-उजवीकडे हिंदकळतात. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, तो सावरून घेतो. मागे झोपलेल्या मुलाचं डोकं मात्र काचेवर आपटतं. अशी एक गाडी मी आठवडाभर वापरून पाहिली होती, आणि घरातलं कुणीही तिच्यात धड झोपू शकलं नाही. महागातल्या काही एसयूव्हींत एअर सस्पेन्शन असतं, वळणापुरते आवळणारे विजेवरचे बार असतात, त्यांची गोष्ट निराळी. तुझी यादी पाहता त्या तुझ्या विचारात नाहीत.

चाकांच्या बाबतीत तुझा हात धरून सांगतो, मोठ्या रिमच्या मोहात पडू नकोस. तू लिहिलेल्या सेडानच्या वरच्या मॉडेलला 225/40 आर 18 टायर आहेत, खालच्याला 205/55 आर 16. हिशेब करून बघ. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्याच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचे इंच. पहिल्याची कड 225 चे 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर. दुसऱ्याची 205 चे 55 टक्के, म्हणजे जवळजवळ 113. बाहेरून चाक सारखंच उंच दिसतं, पण रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 23 मिलिमीटर रबर आणि हवा जास्त मिळते. काकूंच्या पाठीला जे काही सुख मिळायचं ते त्या 23 मिलिमीटरमध्ये आहे. माझी दोन रिम खड्ड्यात वाकल्यावर मी 16 इंचींवर आलो. वळणातला नेमकेपणा किंचित गेला, आणि त्याची हळहळ मला आठवडाभरही वाटली नाही.

आता काकूंबद्दल. तू त्यांच्या गुडघ्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलास. मला वाटतं तुझ्या सगळ्या प्रश्नाची चावी तिथेच आहे. बाबांच्या ऑपरेशननंतरचे दिवस मला अजून दिसतात. दार उघडलं की ते आधी काठी बाहेर टेकवायचे. मग उजव्या हातानं दाराची चौकट धरायची, डाव्या हातानं सीटची कड. एकदा पुढे झुकायचे, पुन्हा मागे, दुसऱ्यांदा झुकायचे, आणि तिसऱ्या हेलकाव्याला कसेबसे उठायचे. मी हात पुढे केला की म्हणायचे, "राहू दे, जमतं मला." डोकं छपराला लागू नये म्हणून मान वाकवलेली असायची. आकड्यात पाहिलं तर सेडानची सीट घरातल्या खुर्चीएवढी, म्हणजे 45-50 सेंटिमीटरवर असते. पण खुर्चीतून उठताना डोक्यावर छप्पर नसतं, आणि पाय उंबरा ओलांडून बाहेर काढावे लागत नाहीत. स्पोर्टी सेडानमध्ये सीट त्याहूनही खाली जाते. एका दुपारी बाबा तिसऱ्या हेलकाव्यालाही उठू शकले नाहीत. काही न बोलता पुन्हा टेकून बसले. त्या रात्रीच मी गाडी बदलायचं ठरवलं.

पण म्हणून डोळे झाकून उंच गाडी घेऊ नकोस. बाबा उंच होते, त्यांना एसयूव्हीची सीट बरोबर कमरेच्या रेषेत आली, नुसतं मागे सरकून बसायचं. काकू ठेंगण्या आहेत. मोठ्या एसयूव्हीत त्यांना चढावं लागेल, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढणं हे उठण्याइतकंच जड जातं. त्यांना मधल्या उंचीची गाडी सोयीची पडेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजावर जाऊ नकोस, त्यांना सोबत ने. प्रत्येक गाडीत तीनदा बसायला आणि तीनदा उतरायला सांग. पहिल्या खेपेला त्या तुझ्याकरता "छान आहे" म्हणतील. तिसऱ्या खेपेला हात कशाला धरतोय ते बघ.

धाकटीच्या सीटचंही तसंच. मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत की नाहीत ते पाहशीलच, पण सीट घरून घेऊन जा आणि स्वतः बसवून बघ. बुटक्या गाडीत वाकून, मूल हातात घेऊन, मान तिरकी करून पट्टा लावायचा. हे दिवसातून चार वेळा केलं की कंबर बोलायला लागते. एसयूव्हीचं सगळ्यात मोठं सुख हेच, मूल उभ्या-उभ्या सीटवर ठेवता येतं.

उलट बाजूही सांगतो. उंच बसलं की सगळं दिसतंय असं वाटतं, पण लांबचं दिसतं तेवढं जवळचं दिसत नाही. उंच बॉनेटच्या पुढे उभं असलेलं तीन वर्षांचं मूल ड्रायव्हरला दिसेलच असं नाही. मागचंही तेच. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला, कारण गाडी मागे घेताना लहान मुलं तिच्याखाली येत होती. तुझ्या घरात दोन लहानगी आहेत. कॅमेरा असला तरी गाडी हलवण्याआधी मुलं कुठे आहेत हे डोळ्यांनी पाहायची सवय लाव, मी ती लावून घेतलीय.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीबद्दल तू फार आशेनं लिहिलंयस. चिखलातून, निसरड्या चढावरून निघायला तिचा उपयोग होतो, हे खरं. पण ब्रेक लावताना तिचा काडीचाही फायदा नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतात आणि गाडी थांबवतात ते टायर. त्याच पैशात उत्तम टायर घेतलेस तर घर जास्त सुरक्षित राहील.

डिकीचं थोडक्यात. सेडानची डिकी बंद असते, सामान आवाज करत नाही, जोरात ब्रेक लागला तर बॅग उडून कुणाच्या मानेवर येत नाही. पण तिचं तोंड लहान. माझ्या डिकीत ढकलगाडी मावायची, ती आत जाताना मात्र दर वेळी चाकं काढावी लागायची. तुला स्टेशन वॅगन मिळण्यासारखी असेल तर ती जरूर बघ, सेडानचा बांधा आणि एसयूव्हीची डिकी एकत्र मिळते. 1994 साली व्होल्वोनं ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क 850 वॅगन उतरवली होती. मागे एवढी मोठी पेटी घेऊन ती गाडी शर्यतीत धावली, या गोष्टीचं मला आजही अप्रूप वाटतं.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. वेग वाढला की हवेचा अडथळा वर्गाच्या पटीत वाढतो आणि उंच गाडीचं तोंड मोठं, त्यामुळे महामार्गावर एसयूव्ही जास्त पिते. शहरातल्या रखडत चालणाऱ्या गर्दीत दोघींमधला फरक मुख्यतः वजनाचा उरतो. विजेवरच्या गाडीत बॅटरी फरशीखाली असल्यानं उंच गाडीचाही गुरुत्वमध्य खाली येतो, फक्त वजन वाढतं. आणि 0 ते 100 किती सेकंदांत, हे मनातून काढून टाक. सगळी माणसं आणि सामान भरून 80 वरून 120 ला गाडी किती सहज जाते ते बघ, ओव्हरटेक करताना तेच कामाला येतं.

माझं मत विचारतोस ना? काकू तीनही वेळा आधाराशिवाय उतरू शकल्या, तर सेडान घे, 16 इंची चाकांवरची, आणि मनात किंतू ठेवू नकोस. तुला गाडी चालवायला मनापासून आवडतं, आणि ज्याला आवडतं तो लक्ष देऊन चालवतो. नाही उतरू शकल्या, तर बेताच्या उंचीची एसयूव्ही घे, पण तिचं साधं सस्पेन्शन असलेलं मॉडेल. 'स्पोर्ट' लिहिलेलं नको.

माझी सेडान मला आठवते का? आठवते. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर जास्तच. पण त्या घाटानंतर मी एक नवा छंद लावून घेतला, तो एसयूव्हीतही पुरतो. गाडी थांबायच्या ऐन क्षणी ब्रेकवरचा पाय किंचित सैल करायचा, म्हणजे शेवटचा हिसका बसत नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि स्टिअरिंग एकाच ओघात फिरवायचं. आरशात धाकट्याची मान बघायची. ती हलली नाही की मला तोच जुना आनंद होतो. परवा त्याच घाटातून आलो तेव्हा तो वरपर्यंत गप्पा मारत होता.

टेस्ट ड्राइव्हचं ठरलं की कळव. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना गोड गोड पापा. मागच्या सीटवर बसून काय वाटलं ते मला पहिल्यांदा सांग, पुढच्या सीटचं नंतर ऐकतो.

तुझा,
मिलिंद