चाडे म्हणजे वाटी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या अवजारांच्या संग्रहालयांवरचा लेख वाचला. ‘हा ठेवा जपला जातो आहे’ हे वाक्य त्यात तीनदा आले आहे. कसा जपला जातो, ते मी सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरची तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचे पेरणीचे अवजार, आम्ही एका संग्रहालयाला दिली. चाडे म्हणजे बी सोडायचे भोकांचे लाकडी भांडे, त्यातून बी जमिनीत नेणाऱ्या नळ्या, दोर सगळ्यांसकट. गेल्या महिन्यात नातीला दाखवायला नेले. तिफण भिंतीला टांगलेली, खाली पाटी ‘लाकडी नांगर’. चाडे दिसेना. सापडले ते शेजारच्या दालनात, परात आणि काठवटीच्या मध्ये. पाटीवर ‘लाकडी वाटी, स्वयंपाकघर’. तळाला तीन भोके असलेली वाटी स्वयंपाकघरात कशाला लागेल, एवढाही प्रश्न कुणाला पडू नये?

चाडे आमचेच. काठावर सासूबाईंच्या अंगठ्याने पडलेली खाच आहे. ओटीत ज्वारी, मूठ चाड्यावर, आणि बैलांच्या चालीबरोबर त्यांच्या बोटांतून दाणे सुटत राहायचे, तिन्ही भोकांत सारखे. एखादी नळी ओल्या मातीने तुंबली तर ती ओळ रिकामी जाते, आणि ते कळते उगवण झाल्यावर. म्हणून चाड्यावर कोण, हे पेरणीआधीच ठरायचे. मला दोन हंगाम नुसते बघायला लावले, तिसऱ्या वर्षी मूठ धरू दिली. पेरणी सुरू झाली की तुम्ही अजूनही ‘चाड्यावर मूठ’ असा मथळा देता. ते चाडे हेच, साहेब.

तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले, तर ‘पाट्या वरून येतात’ म्हणाला. अभिप्रायाच्या वहीत लिहिले, पत्र पाठवले, उत्तर नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी गोळा करण्यात आयुष्य घातले आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. तेवढी माया मी सगळ्यांकडून मागत नाही. पण वस्तू देणाऱ्याला ‘ही कशाची?’ एवढे विचारायला काय लागते? चाड्यावर मूठ धरलेल्या बायका अजून आहेत, सांगतील.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत ज्याला तुम्ही नांगर म्हटले आहे, तो कुळव आहे. नांगराला फाळ असतो, तो जमीन उकरतो. कुळवाला खाली आडवी लोखंडी पास असते; ती ढेकळे फोडते, तण कापते. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक शेतकरी वाचक